मदत हवी आहे: १४,००० पौंडांचा फिफ्थ व्हील ओढायला फोर्डचा एफ-२५० ट्रक पुरेल का?

मंडळी, आकडेमोड करून डोकं गरगरायला लागलंय, म्हणून इथे विचारतोय.

आम्ही डॅलसजवळ राहतो. मे महिन्यात आई-बाबा नाशिकहून सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांना घेऊन कोलोरॅडो आणि तिथून वर यलोस्टोन असा बेत आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि ते दोघं, असे सहा जण. कॅम्पर (ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर) पसंत पडलाय: बंकबेडवाला फिफ्थ व्हील, म्हणजे मागच्या हुकाला न अडकवता ट्रकच्या हौद्यातल्या कपलिंगवर टेकतो तो. रिकामा ११,२०० पौंड, भरून जास्तीत जास्त १४,०००. आपल्या हिशेबात सहा टनांच्या वर.

डीलर म्हणाला, डिझेल एफ-२५० घ्या, डोळे झाकून ओढेल. माहितीपत्रकातला ओढण्याचा आकडाही त्याच्याच बाजूने बोलतो. पण मी ड्रायव्हरचं दार उघडलं आणि खांबावरचं स्टिकर वाचलं. माणसं आणि सामान मिळून २,२८० पौंडांच्या वर नको! (यालाच पेलोड म्हणतात.)

फिफ्थ व्हीलच्या वजनातला २० ते २५ टक्के भार ट्रकच्या पाठीवर येतो. १४,००० चे २० टक्के धरले तरी २,८०० झाले. म्हणजे आम्ही आत पाय ठेवायच्या आधीच हिशेब संपला. त्यात आमचे सहा जणांचे ८५० आणि कपलिंगचे दोनशेएक पौंड. बेरीज ३,८५०. आईचं सामान धरलेलंच नाही (हसू नका, मागच्या खेपेला बॅगेतून वरवंटा निघाला होता). डीलरला हे सांगितलं तर म्हणतो, सगळे असंच ओढतात.

मग पेट्रोलचं मोठं ७.३ लिटर इंजिन घ्यावं का? ते डिझेलपेक्षा हलकं, त्यामुळे पेलोड वाढतो. की सरळ एफ-३५०, तोही मागे चार चाकांचा ड्यूअली? दुसऱ्या कंपन्यांचे रॅम आणि सिल्व्हराडो ट्रकही बघितले, तिथेही २५०० आणि ३५०० असाच पेच आहे.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते, कसारा घाट हजारदा चढले-उतरले असतील. फोनवर सगळं ऐकून एवढंच म्हणाले, "ओढेल रे, उतारावर थांबेल का ते विचार."

प्रतिसाद १

बाबांना नमस्कार सांगा, त्यांनी नेमकं दुखणं पकडलंय. मी डेन्व्हरला असतो, एकटनी (म्हणजे एफ-३५० च्या वर्गातल्या) डिझेल ट्रकने १२,००० पौंडांचा कॅम्पर ओढतो. आय-७० वरचा आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांवर आहे आणि पश्चिमेला सिल्व्हरथॉर्नकडे ७ टक्क्यांचा उतार आहे. तिथे डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाचा धूर अडवून गाडीचा वेग आवरणारा) लावला की पाय ब्रेकवर ठेवून बसावं लागत नाही. बाबांचा नियम इथेही चालतो: ज्या गिअरात घाट चढतो, त्याच गिअरात उतरायचा. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. बोगद्यापर्यंत एक तृतीयांश गेलीच समजा. तुमच्या मार्गाला डिझेलच.

पण एफ-२५० मात्र विसरा. कॅम्परचं रिकामं वजन हा फसवा आकडा आहे. ६० गॅलन पाणी भरलंत की ५०० पौंड तिथेच वाढले. पाठीवरचा भार २५ टक्क्यांनी धरा, म्हणजे ३,५००. माणसं आणि कपलिंग धरून ४,५५०. मागे दोन चाकांचा एफ-३५० सुद्धा बहुतेक तिथे तोकडा पडेल.

आणि सहा जण म्हणताय, तर पुढे बेंच सीट असलेलं साधं मॉडेल बघा. महागड्या मॉडेलांत मधे कन्सोल असतो, सहावा माणूस बसवणार कुठे? साधं मॉडेल वजनालाही हलकं, म्हणजे पेलोड जास्त.

प्रतिसाद २

ड्यूअली घेणार असाल तर लायसनचं बघा. टेक्सासमध्ये ट्रक आणि ट्रेलरची कमाल वजनाची रेटिंग मिळून २६,००० पौंडांच्या वर गेली की नेहमीचं क्लास सी चालत नाही. बिगरव्यावसायिक क्लास ए काढावं लागतं. ड्यूअलीचे १४,००० आणि कॅम्परचे १४,००० म्हणजे २८,०००. डीलर हे आपणहून सांगत नाहीत.

दुसरं, फिफ्थ व्हीलमधली मोठी बेडरूम दोन-तीन पायऱ्या वर असते. आईंचे गुडघे कसे आहेत? मागच्या हुकाला लावायचा ९,००० पौंडांचा साधा ट्रेलर घेतलात तर ट्रकवर १० ते १५ टक्केच भार येतो, म्हणजे जास्तीत जास्त १,३५०. माणसं आणि हुक धरून २,३०० च्या आसपास. कॅम्पर आधी ठरलाय म्हणून ट्रक मोठा होत चाललाय, असं वाटतं मला.

धागाकर्ता

गुडघ्यांचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. आईला विचारलं तर म्हणाली, "पायऱ्या नकोत, पण ओटा मोठा हवा." म्हणजे पुन्हा कॅम्परपासून सुरुवात! शनिवारी ९,००० च्या आतले ट्रेलर बघतो आणि त्यांच्यासोबत डिझेल एफ-३५०, मागे दोनच चाकं. दाराच्या स्टिकरचा फोटो इथे टाकतो. बाबांनी ट्रकच्या हँडबुकची पीडीएफ मागवलीय.