मदत हवी आहे: प्लेटिंगमध्ये काम करणाऱ्या भावाचा थायोसायनेट रिपोर्ट कसा समजून घ्यायचा?

आम्ही बीड जिल्ह्यातले. धाकटा भाऊ चार वर्षांपासून वाळूज एमआयडीसीत एका छोट्या प्लेटिंग शॉपमध्ये आहे, तिथं धातूच्या वस्तूंवर झिंकचा मुलामा देतात. झिंकची टाकी सायनाइडची, तिला खेटूनच ॲसिडची टाकी, आणि धूर ओढणारा पंखा बहुतेक वेळा बंदच. दोन-तीन महिन्यांपासून शिफ्ट सुटली की त्याचं डोकं ठणकतं, गरगरतं. सुटीला गावी आला की बरा असतो. गळ्यालाही थोडी सूज वाटते.

सायनाइड म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. लहानपणी आमची गाय कोवळ्या ज्वारीत शिरली आणि किराळ लागून तासाभरात गेली. ते विषही हेच, असं आता कळलं.

सायनाइड अंगात गेलं की त्याचं थायोसायनेट बनतं म्हणे; डॉक्टरांनी लघवीतलं ते तपासलं, तर जास्त निघालं. पण भाऊ रोज बिडीचं एक बंडल ओढतो. मालक म्हणतात, "बिडीमुळंच आहे ते." खरं कसं कळणार? रक्तातलं सायनाइड तपासावं का?

उत्तर:
ताई, मी लॅबमध्ये काम करतो. बिडीच्या धुरात सायनाइड असतं, कोबी-मोहरीनंही थायोसायनेट वाढतं. त्यामुळं एकट्या आकड्यावरून ना मालकांचं खरं ठरतं, ना तुमचं. रक्तातलं सायनाइड फार लवकर उतरतं, दुसऱ्या दिवशी तपासून हाती काही लागत नाही. शरीर त्याचं थायोसायनेट करतं. ते निम्मं व्हायला साधारण 3 दिवस लागतात, म्हणून तेच धरा. एक नमुना आठवड्याची शेवटची शिफ्ट संपल्यावर आणि दुसरा चार-पाच दिवसांच्या रजेनंतर द्या. बिड्या दोन्ही वेळी तेवढ्याच. आकडा रजेत चांगला उतरला, तर तो कामावरच्या सायनाइडमुळं वाढलेला. सोबत लघवीतलं क्रिएटिनिन मोजायला सांगा, त्यावरून लघवी किती पातळ ते कळतं; पातळ लघवीत आकडा खोटाच कमी दिसतो. थायोसायनेट थायरॉइडला आयोडीन घेऊ देत नाही, म्हणून टीएसएच ही थायरॉइडची रक्त तपासणीही करा.

पण रिपोर्टची वाट बघत पंखा बंद ठेवू नका. सायनाइडच्या टाकीत ॲसिड पडलं तर विषारी वायू लगेच सुटतो, तिथं कालचा चांगला रिपोर्ट कामाला येत नाही. कुणी कोसळलं तर बाकीच्यांनी तसंच आत धावू नये.

दादा, खूप आभार. पोळ्याला तो पाच दिवस येतोय. बिडी सोड म्हणून मीच त्याच्या मागं लागले होते, आता दुसरा नमुना होईपर्यंत गप्प बसते. पंख्याचं मात्र आजच फोन करून सांगते. गावात लॅब नाही, नमुना बीडला न्यायचा तर बर्फात ठेवून न्यावा का?