प्रतिसाद: ल्वारखेरीज बर्गंडीही बघा

फ्रान्समध्ये शातो (जुने किल्लेवजा महाल) बघत सायकल चालवायची तर ल्वार नदीचं खोरंच, हे वर मांडलेलं मत मला निम्मंच पटलं. शातो तिथे आहेतच, पण उन्हाळ्यात गर्दीही तेवढीच. निवांतपणा हवा असेल तर बर्गंडी प्रांतात जिव्री ते क्लुनी जा. जुन्या रेल्वेमार्गावर १९९७ मध्ये झालेली ही डांबरी वाट साधारण ४४ किमीची आहे. क्लुनीचा मठ ९१० सालचा. त्याचं चर्च एकेकाळी ख्रिस्ती जगात सर्वांत मोठं होतं. फ्रेंच क्रांतीनंतर ते दगडांसाठी पाडलं. उरलेल्या मनोऱ्याखाली उभं राहून वर नक्की बघा.

रोडबाइक असेल तर मधूनच बाजूच्या 'डी' रस्त्यांना (जिल्हा पातळीवरच्या रस्त्यांना) लागा. दुपारी गावातली दुकानं बंद असतात. पाणी संपलं तर दफनभूमी शोधा, तिथे फुलझाडांसाठी बहुधा नळ असतो. 'नों पोताब्ल' (पिण्यायोग्य नाही) अशी पाटी असेल तर मात्र पिऊ नका.