ड्रायव्हर टाकल्यापासून दुसरा मॉनिटर गायब, मदत हवी आहे (तातडीने)

घाईगर्दी:
लिनक्सवर ग्राफिक्स ड्रायव्हर टाकला, रीस्टार्ट केलं. आता एकच मॉनिटर चालतोय, तोही १०२४ बाय ७६८ वर. काढून परत टाकून झालंय. उद्या काम द्यायचंय. "विंडोज टाका" कृपया नको.

कर्नलकाका:
कार्ड? डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा प्रकार? ड्रायव्हर कुठून घेतला? सिक्युअर बूट (ओळखीची सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू आहे का?

जुनंखोड:
एएमडी घ्या. ड्रायव्हर कर्नलमध्येच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच असतो, वर मेसा ही ग्राफिक्स लायब्ररी. काही बसवावंच लागत नाही.

घाईगर्दी:
नवीन कार्ड घ्यायला धागा काढलेला नाही. उबुंटू २४.०४, एनव्हिडिया.

टर्मिनलवेडा:
साइटवरून डॉट रन फाइल उतरवा आणि चालवा. मी कायम तेच करतो.

कर्नलकाका:
अजिबात नको! एपीटीला, म्हणजे उबुंटूत पॅकेजेस बसवणाऱ्या प्रोग्रॅमला, त्या फाइलचा पत्ताच नसतो. दोन्हींची सरमिसळ झाली की निस्तरता निस्तरता नाकी नऊ येतात.

टर्मिनलवेडा:
मला तरी कधी त्रास नाही झाला. ज्याला वाचता येतं त्याने वाचावं.

बसल्याजागी:
ग्रबमध्ये (बूट मेनूत) नोमोडसेट हा पर्याय टाकून बघा.

कर्नलकाका:
ते काळ्या पडद्यातून सुटायला. रिझोल्यूशन त्याने वाढत नाही. घाईगर्दी, ड्रायव्हर कर्नलमध्ये चढतो का बघायला सुडो मॉडप्रोब एनव्हिडिया चालवा आणि काय येतं ते जसंच्या तसं इथे टाका.

घाईगर्दी:
"की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस". डीकेएमएस (कर्नलसाठी ड्रायव्हर बांधून देणारं टूल) स्टेटस मात्र इन्स्टॉल्ड दाखवतंय, म्हणजे ड्रायव्हर बरोबर बसलाय ना?

कर्नलकाका:
बसलाय, पण कर्नल त्याला आत घेत नाहीये. सिक्युअर बूट चालू आहे, आणि डीकेएमएसने ज्या किल्लीने सही केली ती फर्मवेअरच्या ओळखीची नाही. त्यात पॅकेजने नूव्होला, म्हणजे एनव्हिडिया कार्डांच्या मुक्त ड्रायव्हरला, ब्लॅकलिस्ट केलंय, म्हणून जुना ड्रायव्हरही नाही आणि नवाही नाही. सुडो मोकयुटिल --इम्पोर्ट, पुढे /व्हार/लिब/शिम-साइन्ड/मोक मधल्या मोक डॉट डीईआर फाइलचा पाथ (मोक म्हणजे मशीन ओनर की, तीच ती किल्ली). पासवर्ड ठेवा, रीस्टार्ट करा, निळ्या पडद्यावर एनरोल मोक निवडा. पासवर्ड आकड्यांचाच ठेवा, तिथे कीबोर्ड अमेरिकन लेआउटचा असतो.

जुनंखोड:
सिक्युअर बूटच बंद करा की. एका मिनिटाचं काम.

कर्नलकाका:
दाराचं कुलूप अडलं म्हणून दारच काढायचं का?

वेलँडप्रेमी:
अवांतर: पडद्यावर चित्र दाखवणारी प्रणाली कोणती, एक्सऑर्गवर आहात की वेलँडवर? वेलँडवर दोन मॉनिटरना वेगवेगळं स्केलिंग छान मिळतं.

घाईगर्दी:
तो निळा पडदा कालही आला होता. काहीही दाबलं तरी काही होत नाही, थोड्या वेळाने आपोआप पुढे जातो.

कर्नलकाका:
कीबोर्ड कोणता आहे?

घाईगर्दी:
ब्लूटूथ. त्याचा इथे काय संबंध?

कर्नलकाका:
तारेचा लावा. तिथे अजून ऑपरेटिंग सिस्टिमच सुरू झालेली नसते, ब्लूटूथ कोण जोडणार?

घाईगर्दी:
झालं. दोन्ही मॉनिटर आले. धन्यवाद काका. हे आधीच विचारायला हवं होतंत.

नवखा_७:
सेम प्रॉब्लेम आहे, फक्त माझा टचपॅड चालत नाहीये. कोणी सांगेल का?