सीएफओ (कंपनीची अर्थप्रमुख) झाले, पण प्रत्येक व्हाउचर अजून माझ्याच टेबलावर. टीम कशी बांधायची?

चाकण_फायनान्स:
वाहनांचे सुटे भाग बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, दोन प्लांट, उलाढाल ४०० कोटींच्या आसपास. एप्रिलपासून सीएफओची जबाबदारी माझ्याकडे आहे. विभागात १४ जण. त्यात एक डीजीएम (डेप्युटी जनरल मॅनेजर, वयाने आणि नोकरीने माझ्याहून मोठे), दोन मॅनेजर, बाकी एक्झिक्युटिव्ह. तीन अडचणी आहेत.

१) महिन्याचं क्लोजिंग (हिशेब बंद करणं) १२ व्या वर्किंग डेला संपतं. एमडींना आकडे ६ व्या दिवशी हवेत.
२) डीजीएम पेमेंटचे विषय परस्पर एमडींकडे नेतात आणि होकार घेऊन येतात.
३) टॅक्सेशन बघणारी मॅनेजर ऑक्टोबरच्या मध्यापासून बाळंतपणाच्या रजेवर जाणार. जीएसटी-टीडीएसचं सगळं तिच्या डोक्यात आणि तिच्याच लॅपटॉपवर. एचआरचं म्हणणं, सहा महिन्यांसाठी माणूस मिळत नाही, तुम्हीच निभावून न्या.

'आत्मविश्वास ठेवा' छापाचे सल्ले नकोत. जून संपत आलाय, सुरुवात कुठून करू?

पक्की_खातेवही:
१२ दिवस नेमके कुठे जातात ते आधी बघा. मागच्या तीन महिन्यांच्या जर्नल एंट्रीज सिस्टीममधून काढा आणि एंट्री प्रत्यक्ष कोणत्या दिवशी, कोणत्या युजरने टाकली त्याप्रमाणे लावा. तुमच्या धंद्यात बहुतेक वेळा हेच दिसतं: पहिले चार दिवस स्टोअर्सच्या जीआरएनची (माल मिळाल्याची नोंद) वाट बघण्यात, नंतरचे दोन-तीन जॉब वर्करकडच्या (बाहेर प्रक्रियेला दिलेल्या) स्टॉकचा मेळ घालण्यात, आणि शेवटी ग्राहकाच्या डेबिट नोट आणि स्टीलच्या भावातला फरक. यातलं निम्मं अकाउंट्सच्या हातात नाहीच. त्यामुळे टीमला रात्री थांबवून दिवस कमी होत नाहीत, चुका तेवढ्या वाढतात.

घसारा, प्रीपेड, विमा, भाडं, कर्जावरचं व्याज या एंट्रीज २५ तारखेलाच तयार ठेवा. बँकेचा मेळ रोज घाला. दोन प्लांटमधली आपसातली बाकी २८ तारखेला जुळवा. गेटवर आलेला पण जीआरएन न झालेला माल शेवटच्या संध्याकाळी गेट रजिस्टरवरून उचला, स्टोअर्सच्या फोनची वाट बघू नका. छोट्या प्रोव्हिजनसाठी (बिल यायच्या आधी खर्चाची अंदाजे नोंद) ऑडिटरशी बोलून मर्यादा ठरवा. समजा ५०,००० रुपये ठरले, तर त्याखालच्या बिलाची प्रोव्हिजन करायचीच नाही.

एक गोष्ट नेहमी घोळ घालते. जीएसटीचं टूबी (पुरवठादारांच्या रिटर्नवरून पोर्टल बनवतं ते क्रेडिटचं पत्रक) १४ तारखेला येतं. ६ व्या दिवसाचं क्लोजिंग हवं असेल तर इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) खरेदी रजिस्टरवरून घ्या आणि टूबीशी मेळ क्लोजिंगच्या बाहेर, वेगळ्या तक्त्यात ठेवा. टीडीएस भरायची ७ तारीखही क्लोजिंगच्या ऐन गर्दीत येते. त्याचं वर्किंग आठवड्याच्या आठवड्याला करा आणि महिनाअखेरच्या प्रोव्हिजनवरचा टीडीएस विसरू नका.

एकदम ६ वर उडी मारू नका. १२ वरून ९, मग ७. दर महिन्याला एकच आकडा मोजा: क्लोजिंगनंतर उलटवाव्या लागलेल्या एंट्रीज किती. दिवस कमी झाले आणि हा आकडा चढला, तर तुम्ही फक्त घाण गालिच्याखाली सारली.

जुनी_ऑडिटर:
दुसऱ्या मुद्द्यावर. कंपनी कायद्याच्या कलम २०३ नुसार सीएफओ नेमणं लिस्टेड कंपन्यांना आणि १० कोटी किंवा जास्त भरणा भांडवलाच्या पब्लिक कंपन्यांना बंधनकारक आहे. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये हे पद बरेचदा व्हिजिटिंग कार्डापुरतंच असतं. डीजीएमचा स्वभाव बाजूला ठेवा, ताई. तुमचे अधिकार कागदावर आहेत का, ते बघा.

बोर्डाकडून अधिकारांचा तक्ता मंजूर करून घ्या. पेमेंट, भांडवली खर्च, ग्राहकाची क्रेडिट मर्यादा ओलांडून डिस्पॅच सोडणं, भावातली सूट, येणी राइट ऑफ करणं (बुडीत धरणं) आणि विभागातली भरती, या सहा विषयांत कोणाची सही कितीपर्यंत चालेल ते रकमेसह लिहा. भरतीची ओळ गाळू नका. माणूस निवडायचा अधिकार नसेल तर टीम बांधणार कशी? पुरुष सीएफओंच्या तक्त्यात ती ओळ सहसा न मागता येते, बायकांना मागून घ्यावी लागते.

पेमेंट रन आठवड्यातून दोनदाच, मंगळवारी आणि शुक्रवारी. यादी आदल्या दिवशी ४ वाजता बंद. त्याबाहेरचं पेमेंट कारण लिहून, तुमच्या सहीने. एमडींना एवढंच सांगायचं की परस्पर आलेल्या प्रत्येक कागदावर 'सीएफओंमार्फत आणा' लिहून परत पाठवा. एमडी उत्तर देत राहिले तर कोणताही तक्ता टिकत नाही.

यात कराचाही मुद्दा आहे, तो एमडींना लगेच पटतो. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे. मुदत चुकली तर तो खर्च पैसे दिले त्या वर्षीच वजा मिळतो. म्हणून पैसे आधी कोणाला, हे फोनवर ठरता कामा नये. व्हेंडर मास्टरमध्ये (पुरवठादारांच्या यादीत) उद्यम क्रमांक (लघुउद्योग नोंदणीचा) आणि उत्पादक, सेवा की व्यापारी, अशी नोंद करा. व्यापाऱ्यांना हा नियम लागू नाही.

डीजीएमना नुसतं अडवू नका, खरं काम द्या. १३ आठवड्यांचा कॅश फ्लो आणि बँकांशी व्यवहार त्यांच्याकडे ठेवा. दर सोमवारी एमडींसमोर तो त्यांनीच मांडायचा, तुम्ही खोलीत असताना.

रिटर्न_वेळेवर:
तिसरा मुद्दा मला सगळ्यात तातडीचा वाटतो. रजा २६ आठवड्यांची, म्हणजे ऑक्टोबर मध्य ते एप्रिल मध्य. त्यात दुसऱ्या तिमाहीचं टीडीएस रिटर्न (३१ ऑक्टोबर), अ‍ॅडव्हान्स टॅक्सचे दोन हप्ते (१५ डिसेंबर, १५ मार्च), जीएसटीचं वार्षिक रिटर्न (३१ डिसेंबर), तिसऱ्या तिमाहीचं टीडीएस (३१ जानेवारी) आणि वर्षअखेर, सगळं येतं. शिवाय २६ पैकी ८ आठवड्यांपर्यंतची रजा प्रसूतीआधी घेता येते, म्हणजे तारीख अलीकडेही सरकू शकते.

विभागातल्याच कोणाला तरी आजच बॅकअप नेमा. तीन फेऱ्या हव्यात: पहिलीत ती करेल, बॅकअप बघेल, दुसरीत बॅकअप करेल, ती तपासेल, तिसरीत बॅकअप एकटा. सप्टेंबरचं ३बी (जीएसटीचं मासिक रिटर्न) २० ऑक्टोबरला असतं, तेव्हा ती नसेल. म्हणून तिसरी फेरी ऑगस्टच्या रिटर्नची, म्हणजे २० सप्टेंबरची. पहिली त्यामुळे जूनच्या रिटर्नची, २० जुलैची. हाताशी तीन आठवडे आहेत. सहा महिन्यांचा माणूस आणायचाच असेल तर बॅकअपच्या मूळ जागी आणा. व्हेंडर बिलं टाकणारा मिळतो, टॅक्स मॅनेजर मिळत नाही.

लोक हमखास विसरतात ते ओटीपी. पोर्टलवरचा मोबाइल तिचाच नाही ना, ते बघा. जीएसटी, ट्रेसेस (टीडीएसचं पोर्टल), इन्कम टॅक्स, ई-वे बिल, चारही ठिकाणी.

आणि रजेवर जाण्यापूर्वी तिचं मूल्यमापन लिहून एचआरकडे द्या. मार्चमध्ये खोलीत नसलेल्या माणसाला सरासरी रेटिंग देणं सगळ्यात सोपं असतं. एचआरला उदाहरणच हवं असेल, तर दोन लाखांहून जास्त कर्मचाऱ्यांच्या स्टेट बँकेत अरुंधती भट्टाचार्य अध्यक्ष असताना महिलांसाठी दोन वर्षांपर्यंतच्या रजेची सोय झाली. तुमच्याकडे चौदातल्या एकीचे सहा महिने आहेत.

चाकण_फायनान्स:
बॅकअप उद्याच ठरवते. एक राहिलं. चुकीचं वर्किंग आलं की मीच दुरुस्त करते, कारण परत पाठवलं तर आणखी एक दिवस जातो.

पक्की_खातेवही:
तो दिवस जाऊ द्या. 'मॅडम सांभाळून घेतात' हे कौतुक ऐकायला बरं वाटतं, पण त्याच्या जिवावर खालच्या दोन पायऱ्या तपासायचं सोडून देतात. फाइलवर चुकीची जागा खूण करून मॅनेजरकडे परत द्या, एक्झिक्युटिव्हकडे थेट नाही. कारण चार शब्दांत नोंदवा: कट-ऑफ, दर, चुकीचं खातं, आधार नाही. दोन महिन्यांत दिसेल की बहुतेक परती दोन-तीन कारणांच्याच आहेत. मग तेवढ्यांसाठीच तपासणी तक्ता करा, चाळीस ओळींचा नको, तो कोणी वाचत नाही.

जुनी_ऑडिटर:
आणि तुमचा डिजिटल सहीचा टोकन कोणाच्या ड्रॉवरमध्ये आहे? एक्झिक्युटिव्हच्या असेल तर आजच परत घ्या. बँकेत दुसरा सही करणारा हवा असेल तर बोर्डाचा ठराव लागतो आणि बँका वेळ लावतात, तो अर्ज ऑगस्टमध्येच टाका.