आठवड्यातून एकच संध्याकाळ: एकट्याने, ऑनलाइन की टेबलावर?

टूलरूम_सातपूर

नमस्कार मंडळी. सातपूर एमआयडीसीत टूलरूमला आहे, वय ३६. मुलगी आता सव्वा वर्षाची झाली. ती आल्यापासून माझ्या हातात आठवड्याची एकच संध्याकाळ उरते, रविवारी पाच ते साडेआठ. त्या वेळात रोल-प्लेइंग गेम, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याची गोष्ट जगायचा खेळ, खेळायचा आहे. एकट्याने, ऑनलाइन आणि टेबलावर, असे तिन्ही प्रकार खेळून झालेत, तिन्ही मनापासून आवडतात, पण साडेतीन तासांत तिन्ही मावत नाहीत. तुम्ही काय धरलंत, काय सोडलंत आणि का, हे ऐकायचं आहे.

माझं सांगतो. एकट्याने खेळायच्या गेममध्ये 'विचर ३' माझ्या मनातून जात नाही. २०१५ चा गेम, मी खूप उशिरा घेतला. मुलीच्या वेळी बायकोला पाचवा महिना होता आणि मी वेलेनमधल्या त्या बॅरनच्या घरी पोचलो होतो. दारू पिऊन बायकोला मारणारा माणूस. त्यात तिचं मूल पोटातच गेलं आणि यांनी ते नाव न ठेवता पुरलं, म्हणून त्याचं भूत झालं. आता ते मारून टाकायचं, की हातांवर उचलून घरापर्यंत न्यायचं आणि नाव देऊन उंबरठ्याखाली पुरायचं, हे आपण ठरवायचं. मी दुसरं निवडलं. बॅरन ते घेऊन चालतो, ते मध्येच बिथरतं, आपण शांत करायचं, पुन्हा चालायचं. आमच्या पंचवटीच्या जुन्या घरात आजीने आम्हाला उंबरठ्यावर कधी बसू दिलं नाही. पोलंडमधल्या लोकांनी केलेला गेम, आणि त्यात उंबरठ्याखालचा तो खड्डा बघून मी कंट्रोलर खाली ठेवला आणि आत जाऊन बायकोशेजारी बसलो. गेम तिथेच थांबलाय, पुढे गेलेलो नाही.

ऑनलाइन वर्षभर खेळलो. सेकंड शिफ्ट सुटली की साडेबाराला लॉगिन. आठ जणांचा ग्रुप होता. ऐन लढाईत आमच्याकडचं इंटरनेट गेलं ते तीन दिवसांनी आलं. ग्रुपमधलं कुणी एका शब्दाने बोललं नाही, पण सात माणसं आपल्यामुळे खोळंबली हे मला सहन झालं नाही.

आणि टेबल. इंदिरानगरला मित्राच्या फ्लॅटवर पाच जण जमायचो, 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पाचवी आवृत्ती. एक जण गोष्ट सांगत खेळवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि जमलं की फसलं हे फासा ठरवतो. खालच्या मजल्यावर आवाज जाऊ नये म्हणून स्टीलच्या ताटात नॅपकिन अंथरून त्यात फासे टाकायचो. वीस बाजूंचा फासा खरा आहे का हे बघायला ग्लासभर पाण्यात मीठ विरघळवून तो तरंगवायचो. सारखा एकच आकडा वर आला तर आत कुठेतरी पोकळी आहे असं समजायचं. एक फासा तसा निघाला. मग मी स्वतः पितळेचा करायला घेतला. लगतच्या दोन बाजूंमधला कोन १३८.१९ अंश, आणि समोरासमोरच्या आकड्यांची बेरीज २१ यायला हवी. सुट्टीच्या दिवशी परवानगी काढून डिव्हायडिंग हेडवर, म्हणजे तुकडा नेमक्या अंशात फिरवणाऱ्या साधनावर, तीन तुकडे वाया घालवले, चौथा जमला. तो अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

पण खेळवणारा पुण्याला गेला, एक जर्मनीला, एकाची बदली झाली. मी आणि एक मित्र, असे दोघेच उरलो. टेबल गेलं असं धरून राहिलेल्या दोनातून निवडू का?

---

निफाडचा_बागायतदार

भाऊ, एकट्याचा गेम धरा. मी द्राक्षवाला आहे, माझं कारण ऐका.

आमच्याकडे शेतीची थ्री फेज लाईट आलटून पालटून रात्रीची येते. मोटर चालू करून शेडमध्ये बसून राहावं लागतं, कारण एक फेज गेला तर मोटर जळते. त्या तीन-चार तासांत मांडीवर लॅपटॉप. कधी उठावं लागेल याचा नेम नाही. ठिबकची नळी निसटली, की उठलो. पहाटे फवारणीची गडबड वेगळीच. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या दिवसांत तर मी कुणाला वेळ देऊच शकत नाही, डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, बोलावून येत नाही. एकट्याच्या गेममध्ये सेव्ह केलं की तो माझी वाट बघतो आणि रागावत नाही. तुमच्या घरी सव्वा वर्षाचं लेकरू आहे, म्हणजे तुमचंही तेच.

आणि एकट्याने खेळलं म्हणजे फासे सुटतात असं नाही. 'डिस्को एलिझियम' बघा, २०१९ चा. मारामारीची अशी वेगळी व्यवस्थाच नाही त्यात. दारू पिऊन सगळं विसरलेला एक पोलीस आणि त्याच्या डोक्यात बोलणारी २४ कौशल्यं. प्रत्येक अवघड गोष्टीला सहा बाजूंचे दोन फासे पडतात. दोन्ही एक आले तर हमखास फसलात, दोन्ही सहा आले तर हमखास जमलं. पांढऱ्या रंगाची संधी नंतर पुन्हा मिळते, लाल रंगाची एकदाच. मी स्वतःला एक नियम घातलाय, पडलेलं दान परत घ्यायचं नाही. लाल संधी हुकली तरी जुनं सेव्ह उघडायचं नाही. हा नियम धरलात तर एकट्या माणसालाही टेबलावर बसल्यासारखं वाटतं.

---

पंचवटी_ते_बंगळुरू

टूलरूमदादा, तुमचं ते 'सात माणसं खोळंबली' वाचलं आणि लिहायला बसले.

मी 'फायनल फँटसी १४' खेळते, व्हाइट मेज, म्हणजे इतरांना बरं करणारी. भारतात त्यांचा सर्व्हर नाही. मी जपानच्या सर्व्हरवर आहे आणि पिंग, म्हणजे सिग्नल तिथे जाऊन यायला लागणारा वेळ, दीडशे मिलिसेकंदांच्या पुढेच असतो. त्यामुळे माणसाला लागलं की मग बरं करायला गेले तर उशीर होतो. घाव कधी पडणार हे पाठ करून त्याच्या आधी मंत्र सुरू करावा लागतो. सहा-सात महिन्यांत मला आमच्या टँकची, म्हणजे पुढे उभा राहून घाव झेलणाऱ्याची, चूक त्याने करायच्या आधी कळायला लागली. डावीकडे सरकला की तो घाबरलाय. त्याचा चेहरा मी कधी पाहिलेला नाही. माझे वडील गेले तेव्हा पंधरा दिवस मी आले नाही. परत आले तर माझी जागा रिकामी ठेवलेली होती. आठांच्या जागी सात जण सोप्या लढाया खेळत होते. दादा, ते खोळंबले नव्हते, थांबले होते. तुमचेही तसेच थांबले असतील.

पण तुमच्या साडेतीन तासांत मी ऑनलाइन सुचवणार नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. मोठ्या लढाईला एक वेळ ठरलेली लागते, आणि ती तुमच्या रविवारीच जुळेल याची खात्री नाही. नुसती चव घ्यायची असेल तर फ्री ट्रायल ७० व्या लेव्हलपर्यंत चालते आणि तिला दिवसांची मुदत नाही. फक्त त्यात स्वतःची पार्टी, म्हणजे लढाईपुरती टोळी, काढता येत नाही आणि गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात, शिरता येत नाही. म्हणजे मी ज्यासाठी खेळते तेच त्यात नाही.

एक विचारू? रिचर्ड बार्टल, ज्यांनी रॉय ट्रबशॉ यांच्याबरोबर १९७८ मध्ये इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात 'मड' हा पहिला नुसत्या मजकुरावर चालणारा सामायिक गेम केला, त्यांनी १९९६ मध्ये खेळाडूंचे चार स्वभाव मांडले. काही मिळवणारे, धुंडाळणारे, माणसांत रमणारे आणि दुसऱ्यावर मात करणारे. तुम्ही लिहिलंय त्यात उंबरठा आहे, सात माणसं आहेत, ताट आहे. लेव्हल किती होती, तलवार कुठली होती, एका ओळीतही नाही. तुम्ही माणसांतले आहात.

---

कॅनडा_कॉर्नर

पुण्याच्या मित्राला व्हिडिओ कॉलवर घ्या ना. बरेच जण तसंच खेळतात, नकाशा स्क्रीनवर, फासेही स्क्रीनवर.

---

टूलरूम_सातपूर

@कॅनडा_कॉर्नर, केलं होतं, चार रविवार. दोघं एकदम बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही, मग प्रत्येक जण थांबून बोलायला लागतो. आमच्या टेबलावर जी काही मजा होती ती एकमेकांचं वाक्य तोडण्यातच होती. पाचव्या रविवारी कुणी लिंक पाठवली नाही.

@पंचवटी_ते_बंगळुरू, ताई, 'थांबले होते' हे वाचून रात्री ग्रुपला मेसेज केला. सात महिन्यांनी. पाच जणांची उत्तरं आली.

---

गंगापूररोडच्या_बाई

अरे, दोघं उरलात म्हणजे टेबल मोडलं असं कोणी सांगितलं तुला? एक खेळवणारा, एक खेळणारा, एवढ्यावर उत्तम चालतं. मी शाळेत शिकवते आणि गेली काही वर्षं सुट्टीत माझ्या घरी गच्चीवर मुलांना आणि त्यांच्यातल्या काहींच्या आयांना खेळवते, मराठीतून. पहिल्या सुट्टीत माझ्याकडे एकच मुलगी होती.

ड्रॅगन मी ठेवलेच नाहीत. मी रामशेज घेतला. दिंडोरीच्या रस्त्याने आशेवाडीला उतरलं की समोर उभा असतो, मुलांनी तो पाहिलेला असतो. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या फौजेने वेढा घातला आणि हा छोटा किल्ला वर्षानुवर्षं झुंजला. मोगलांनी तटाच्या उंचीचा लाकडी दमदमा, म्हणजे वरून मारा करायचा मचाण, उभारला. गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून लाकडाच्या तोफा कातड्याने मढवून वापरल्या. एवढा इतिहास मी सांगते आणि विचारते, तुम्ही गडावर आहात, काय करता?

माझी तयारी होती तोफ डागायची. अंतर किती, वारा कुठला, किती दान पडलं तर तोफ फुटेल, सगळं वहीत लिहिलेलं. तेरा वर्षांची एक मुलगी गडावरच्या गोठ्याची राखणदार झाली होती. तिने विचारलं, "बाई, कातडं कुणाचं?" मी म्हटलं, मेलेल्या जनावरांचं. ती म्हणाली, "मग माझ्या गोठ्यातलं कुठलं मेलं? मला कुणी सांगितलं नाही." आणि तिने गोठ्यातल्या अकरा जनावरांची नावं एकामागून एक सांगितली. जागेवर रचलेली, पण एकही नाव अडखळलं नाही. किल्लेदार झालेली एक आई होती, ती तिची समजूत काढायला लागली. दोघींचं बोलणं दोन तास चाललं. दाणागोटा किती उरलाय, भाकड कोण, म्हातारं कोण, उद्या माणसांना दूध लागेल की नाही. त्या संध्याकाळी तोफ डागलीच गेली नाही. फासा एकदाच पडला, गोठ्याचं दार उघडताना पोरीचा हात थरथरतो का, यावर. चार पडले. थरथरला.

माझ्या वहीतलं एक पान वापरलं गेलं नाही, आणि इतकी वर्षं शिकवतेय, वेढा म्हणजे काय हे वर्गात मला तसं कधी पोचवता आलेलं नाही. तुझ्या 'विचर'ने तुला उंबरठ्यापर्यंत नेलं, ते मोठंच आहे. पण तिथे रस्ते दोनच होते ना? बॅरनच्या बायकोला जाऊन तू विचारू शकला असतास का, की बाळाचं नाव काय ठेवायचं होतं?

आता कामाचं सांगते. साडेतीन तास भरगच्च बसू नकोस, अडीच तासांत उठा. नियमांचं पुस्तक घ्यायची गरज नाही, पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोफत आहेत. एकच खेळाडू असेल तर जीवाचे आकडे, म्हणजे पात्र किती मार सोसेल ते, थोडे जास्त दे आणि सोबतीला एक माणूस दे, जो लढतो कमी आणि प्रश्न जास्त विचारतो. लढाया निम्म्या कर. आणि तूच खेळव. मित्राला सांगू नकोस.

---

निफाडचा_बागायतदार

बाई, मी माझा सल्ला मागे घेत नाही, पण गोठ्याचं वाचून बाहेर जाऊन आमच्या दोन्ही गायींना बघून आलो. गच्चीवर मोठ्या माणसांना घेता का? एप्रिल छाटणी उरकली की मला सवड असते.

---

टूलरूम_सातपूर

बाई, 'तूच खेळव' वाचून दोन दिवस गप्प होतो. आजवर मी कायम खेळाडूच होतो.

ड्रॉवरमधून जुनी कॅरेक्टर शीट, म्हणजे माझ्या पात्राची माहिती लिहायचा कागद, काढली. जीवाचे आकडे जिथे लिहायचो तिथे खोडून खोडून कागद फाटलाय, मागून सेलोटेप लावलेली आहे. बाकी कागद कोरा करकरीत. दीड वर्षात त्या एकाच चौकोनाने किती सोसलं ते दिसलं आणि लगेच मित्राला फोन लावला. तो म्हणाला, "फासा आहे ना पितळेचा? मग येतो." या रविवारी पाच वाजता, माझ्याच घरी, म्हणजे मुलगी उठली तर मला उठता येईल.

रामशेजच घेतोय, तुमची हरकत नसेल तर. पण मित्र आयुष्यभर लोखंडात काम केलेला माणूस आहे, तो तोफच करायला बसणार. लाकडाची तोफ किती बार सोसेल याचा आकडा तुम्ही काय धरला होता?

---

गंगापूररोडच्या_बाई

हरकत कसली, गड सगळ्यांचा आहे. पहिल्या बाराला पाचपेक्षा कमी पडलं तर फुटते. पुढच्या प्रत्येक बाराला तो आकडा दोनाने वाढव. कातडं नव्याने मढवलं की पुन्हा पाचावर आण.

आणि कातडं कुठून आणणार, हे त्याला आधी विचार.