मदत हवी आहे: ‘आघाडीवरून आलेलं पत्र’ या चित्राचे खरे रंग कोणते?

अलेक्सांद्र लाक्तिओनोव यांचं १९४७ सालचं हे चित्र फ्रेमसाठी दोन फूट उंच छापून घ्यायचंय. दारात मुलगा पत्र वाचतोय, घरची माणसं ऐकताहेत, शेजारी हाताला बँडेज बांधलेला सैनिक. सगळा जीव त्या उन्हात आहे, आणि घोडं तिथंच अडलंय! नेटवरच्या एका प्रतीत ऊन हळदीसारखं पिवळं, दुसरीत पांढुरकं. जुन्या रशियन मासिकातलं पान स्कॅन केलं, पण कागदच पिवळा पडलेला. दोन नमुने छापून पाहिले. एकात पायाखालच्या झिजलेल्या फळ्या चक्क केशरी आल्या. फाइल मोठी आहे, अडचण फक्त रंगांची. मॉस्कोच्या त्रेत्याकोव्ह गॅलरीत मूळ चित्र कुणी पाहिलंय का? त्यातलं ऊन कोणत्या प्रतीच्या जवळचं वाटतं?