शब्दचर्चा : विज्ञानकथा नेमकं कशाला म्हणायचं?

प्रश्न : यान, यंत्रमानव, परग्रहवासी दिसले की लोक सर्रास 'विज्ञानकथा' म्हणतात. अंतराळातल्या नुसत्या मारामारीलाही हा शब्द लावायचा का? आणि शास्त्रज्ञाच्या आयुष्यावरच्या कथेचं काय?

उत्तर : दुसरं आधी उरकतो. शास्त्रज्ञाच्या आयुष्यावरची ती चरित्रकथा. एखादा नियम समजावण्यासाठी रचलेली गोष्ट म्हणजे विज्ञानलेखन. त्यांतलं विज्ञान कितीही चोख असो, दोन्ही ठिकाणी घडलेलं किंवा ठाऊक असलेलंच सांगायचं असतं. विज्ञानकथेला 'असं झालं तर?' लागतंच.

आता मारामारी. यानांच्या जागी घोडे आणि ग्रहांच्या जागी गावं घालून पाहा. कथानकाला धक्काही लागला नाही, तर ती साहसकथा. विज्ञान तिथे फक्त नेपथ्याला आहे.

याच्या उलट हे पाहा. ३० वर्षांची आई ५ वर्षांच्या लेकीला मागे ठेवून प्रकाशाच्या ९८ टक्के वेगाने प्रवासाला जाते आणि यानातल्या घड्याळाप्रमाणे १० वर्षांनी परतते. सापेक्षतेच्या, म्हणजे अतिवेगाने जाणाऱ्याचा काळ संथ सरतो या सिद्धांताच्या, गणितानुसार पृथ्वीवर तोवर सुमारे ५० वर्षं उलटलेली असतात. आई ४० ची, लेक ५५ ची. लेकीचे केस पिकलेत, गुडघे दुखतायत, आणि समोर उभी आहे तिच्याहून १५ वर्षांनी लहान आई. 'तू मला का सोडून गेलीस' हे अशा आईला कुठल्या सुरात विचारायचं? कोणी म्हणेल, शाप घालूनही हे जमेल. जमेल, पण शापाला उःशाप देता येतो. या ५० वर्षांना उःशाप नाही. वेग आणि वेळ एकदा ठरल्यावर, लेखकाचा जीव कितीही तुटला तरी लेकीचं वय कमी करता येत नाही. माझ्या मते हे बंधन हाच या प्रकाराचा गाभा आहे.

समीक्षक डार्को सुविन यांनी १९७९ मध्ये यासाठी 'नोव्हम' ही संज्ञा वापरली : आपल्या जगात नसलेली, पण तर्काला पटणारी एक नवी गोष्ट, जिच्यावर कथेचं सगळं जग उभं राहतं. मला ही व्याख्या आजही सर्वांत उपयोगी वाटते.

शंका : म्हणजे विज्ञान अचूकच हवं?

उत्तर : नाही, आणि इथे बरेच जण उगाच अडतात. ज्यूल व्हर्न यांनी १८६५ मधल्या कादंबरीत माणसांना तोफेतून चंद्राकडे धाडलं. प्रत्यक्षात त्या पहिल्या दणक्यातच प्रवासी चिरडले जातील. एच. जी. वेल्स यांच्या १८९५ मधल्या कादंबरीतलं कालयंत्र कसं चालतं, ते धड कळतही नाही. पण त्या यंत्राने निघालेला प्रवासी ८,०२,७०१ या सालात पोहोचतो, तेव्हा माणसाच्या दोन वेगळ्या जीवजाती झालेल्या असतात. श्रीमंत आणि कामकरी यांच्यातली दरी आणि उत्क्रांती एकत्र आली तर काय होईल, याचा विचार वेल्स शेवटपर्यंत नेतात. यंत्राचं गूढ मग खटकत नाही. चूक चालते, स्वतःच घातलेला नियम सोयीनुसार मोडणं चालत नाही.

शंका : यानही आहे आणि मंत्रही, अशी कथा असेल तर?

उत्तर : पेच कशाने सुटतो ते बघा. मंत्राने सुटत असेल, तर मी तिला बेलाशक अद्भुतकथा म्हणेन. तो प्रकार कमी प्रतीचा नाही, फक्त वेगळा आहे.